आज्जा आधी काय करत होते? सीमाभागातल्या वयोवृद्धांच्या आठवणी नोंदवायची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही गल्लीत गेलात तरी कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांची ओळख एका शब्दात आटोपलेली असते. मिलिटरीवाले आज्जा, बिडीवाली आक्का, मागवाले तात्या, मास्तर. त्या शब्दामागे काय होतं ते कळतं बाराव्याच्या दिवशी. कुणीतरी लांबचा पाहुणा जेवता जेवता म्हणतो, "अहो, हे गोव्याच्या सत्याग्रहात होते की." नातवंडं एकमेकांकडे बघतात आणि विचारायला माणूस उरलेला नसतो.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. चंदगडजवळच्या एखाद्या खेड्यात १९३८ साली जन्मलेला माणूस उंबरा न ओलांडता मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेला, किंवा गेला नाही. त्या दिवशी बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला, बाकीचा जिल्हा म्हैसूरला जोडला गेला. म्हैसूरचं नाव १९७३ साली कर्नाटक झालं. अशा माणसाचे कागद मोडीत, मराठीत, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडलेले असतात. घरच्यांना त्यातलं एक टोक माहीत असतं, बाकीची टोकं कुणी जोडलेलीच नसतात. ती जोडायची कशी, ते पुढे पायरीपायरीने सांगतो.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोठी घटना शोधत जाऊ नका. काम विचारा. कोणत्या साली काय पगार होता, हत्यार कोणतं, उठायचं किती वाजता, सोबत कोण होतं. घटना कामाच्या मागून आपोआप येते. "तुम्ही लढ्यात होता का?" या प्रश्नाला "छे, आम्ही कसले लढ्यात" हेच उत्तर मिळतं. "त्या वर्षी दुकान किती दिवस बंद होतं?" म्हटलं की लढा बाहेर येतो.

पहिली पायरी: कुणाकडे जायचं

वयाचं गणित आधी करा. आज ऐंशी ओलांडलेला माणूस १९५६ साली शाळकरी पोर होता. १९७१ च्या लढाईत विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात विशी-पंचविशीत असलेली पोरं आज साठी उलटलेली आहेत. म्हणून ‘स्वातंत्र्यसैनिक’ शोधत फिरू नका. १९४२ ला कळतं वय असलेली माणसं आता क्वचितच भेटतात. १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन, म्हणजे गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव अधिवेशन, आता कुणीही स्वतः पाहिल्याचं सांगणार नाही. "आमचे वडील तिथे स्वयंसेवक होते" एवढंच ऐकायला मिळेल. तेही घ्या, पण ‘ऐकीव’ असा शेरा मारून घ्या.

आता या भागात कोणकोणत्या कामांतली माणसं सापडतात ते बघू.

पहिली म्हणजे फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि आसपासच्या खेड्यांत एकाच घरातल्या तीन पिढ्या पलटणीत गेलेल्या दिसतात. लोकांचं लक्ष सुभेदार साहेबांकडे जातं. तुम्ही कुक, न्हावी, धोबी, मोची, कारकून यांच्याकडेही जा. पलटण जिथे गेली तिथे हेही गेले. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, जमालपूरला लढली आणि ११ डिसेंबरला दुसरी पॅरा ही मराठा पलटण टांगाईलला विमानातून उतरली. त्या दिवसांत रोट्या कशावर भाजल्या, पीठ कुठून आणलं हे ज्याला आठवतं त्याच्याकडे पुस्तकात नसलेली लढाई आहे.

दुसरा मोठा साठा निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर आणि पाखडायला उभ्या राहणाऱ्या बायका, घरी बसून हजाराच्या दराने बिड्या वळणाऱ्या बायका. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला, रस्त्यावर वस्तीच उभी केली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. आता खुरपं बाजूला ठेवून अंगणात बसलेली सत्तरीची मावशी तेव्हा पंचविशीच्या आसपास होती. ती रस्त्यावर होती की नाही, हे तिच्या सुनेलाही ठाऊक नसतं.

मग बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांतले विणकर. हातमाग मोडून पॉवरलूम आले तेव्हा घराघरात काय झालं, हे अजून सांगणारे आहेत. खड्डा मागावर बसलेल्या माणसाच्या कंबरेला, गुडघ्याला विचारा.

खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतले मास्तर हे आणखी एक दुर्लक्षित खातं. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होऊन मास्तर झालेली माणसं कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात एकशिक्षकी शाळा चालवत होती. शाळा चालवायची, पोस्टाची पत्रं वाचून दाखवायची, अर्ज लिहून द्यायचे, साप चावला तर बैलगाडी जुंपायची.

आणि गोव्याच्या सीमेवरची माणसं. १९६१ पर्यंत कॅसल रॉक या सीमेवरच्या रेल्वे स्टेशनच्या पलीकडे पोर्तुगीज राज्य होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर सत्याग्रही गोळीबारात मारले गेले, त्यानंतर नाकेबंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि मग कॅसल रॉकच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, ते डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत. त्या रानात तेव्हा गुरं चारणारी, लाकूडतोड करणारी, रेल्वेत हमाली करणारी पोरं आज म्हातारी झालीत. गोव्याहून चोरट्या वाटेने घड्याळं आणि कापड आणणारेही त्यांच्यातच होते. ते स्वतःहून सांगणार नाहीत, आणि मीही तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारा म्हणणार नाही.

हिडकल धरणात गावं गेलेले शेतकरी, गोकाक फॉल्सच्या सूत गिरणीतले कामगार, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती खेळलेले पैलवान, जत्रेतल्या नाटकांत बाईचं काम करणारे पुरुष. यादी तुमच्या गावानुसार वाढेल.

ही माणसं भेटायची कुठे? नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांची रांग लागते, तिथे. कॅन्टमधल्या कॅन्टीनच्या दारात. देवळातल्या हरिपाठाला. आणि सगळ्यात हमखास म्हणजे गावातल्या न्हाव्याच्या दुकानात. तिथे दोन रविवार नुसते पेपर वाचत बसा.

दुसरी पायरी: गावाचं पंचांग तयार करा

वयोवृद्ध माणूस साल सांगत नाही, ‘त्या दुष्काळात’, ‘धाकटीच्या पाळण्याच्या वेळी’ असं सांगतो. म्हणून जाण्याआधी एका कागदावर खुणेच्या तारखा लिहून ठेवा. माझ्या कागदावर या असतात: १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे गेले. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, बेळगावातून फौज हलली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १९७२ चा दुष्काळ आणि रेशनची मिलो ज्वारी. १९७५ ची आणीबाणी. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, ज्याची खग्रास पट्टी अंकोला-हुबळीवरून गेली आणि बेळगावातही लोक दारं लावून घरात बसले. १ जून १९८६ आणि कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातला हिंडलग्याचा गोळीबार. त्यात गावच्या खुणा घाला: वीज कधी आली, पहिली एसटी, नदीचा मोठा पूर, देवीची जत्रा किती वर्षांनी भरते.

"लग्न भूकंपाच्या आधी की नंतर?" या प्रश्नाला नव्वदीतला माणूसही चटकन उत्तर देतो.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिलेली समजा. तशी तारीख आपल्या दोन पिढ्यांच्या अर्ध्या कागदांवर आहे. तिच्यावर विसंबून वय काढलं तर पुढचा सगळा हिशेब एक-दोन, कधी चार वर्षांनी घसरतो.

संस्थानांचाही विचार करा. शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात. १९४८-४९ पर्यंत शहापूर आणि बेळगाव यांच्यामधला रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. त्यामुळे शहापूरच्या म्हाताऱ्याने "आम्ही ब्रिटिशांच्या राज्यात नव्हतो" म्हटलं तर हसू नका, ते बरोबर आहे.

तिसरी पायरी: पहिली भेट

पहिल्या भेटीत फोन खिशातून काढायचा नाही. कुणाच्या तरी ओळखीने जा, शक्यतो त्यांच्या वयाच्या माणसाबरोबर. तरणं पोर एकटंच वही घेऊन आलं की म्हाताऱ्याला वाटतं, सर्व्हेवाला आला किंवा पेन्शनची काहीतरी भानगड निघाली. घरातल्या सुनेला आधी सांगा, कारण वेळ तिच्या हातात आहे. कधी औषध, कधी झोप, कधी डोळ्यात थेंब, हे तिलाच माहीत असतं. सकाळी चहा-नाश्त्यानंतरचा तास सगळ्यात चांगला. संध्याकाळी मालिका लागतात.

हाक त्या घरात जी मारतात तीच मारा. घरात ‘तात्या’ म्हणत असतील तर तात्या, ‘आक्का’ म्हणत असतील तर आक्का. ‘काका’ सगळ्यांना चालत नाही, आणि ‘सर’ तर कुणालाच नको. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका, चेहऱ्यासमोर बसून खालच्या पट्टीत सावकाश बोला.

आणि कशासाठी आलात ते सरळ सांगा. "गावातल्या जुन्या कामांची माहिती लिहून ठेवतोय, तुमच्या कामाचं सांगाल का?" एवढं पुरतं. मोठेपणा देऊ नका. "तुमच्यासारख्या थोर माणसांच्या..." अशी सुरुवात केली की समोरचा माणूस भाषण सुरू करतो, आणि भाषणात कधीच काही सापडत नाही.

चौथी पायरी: प्रश्न

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई नको.

वस्तूवरून सुरुवात करा. भिंतीवरचा ग्रुप फोटो, ट्रंक, पितळी डबा, धोटा, बिडीची कात्री, पाटी. "हे कुठलं?" एवढाच प्रश्न. मग थांबा. म्हाताऱ्या माणसाचं वाक्य संपलं असं आपल्याला वाटतं तेव्हा ते खरं म्हणजे अर्ध्यावर असतं. दहा आकडे मनात मोजा, बहुतेकदा पुढचं येतं.

फौजी असेल तर पदकं मागा. बोलण्यापेक्षा पदकं जास्त नेमकं सांगतात. पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ची पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे त्याच लढाईची पश्चिम आघाडी. समर सेवा स्टार १९६५ चा. विदेश सेवा मेडल असेल तर हा माणूस देशाबाहेर ड्यूटीवर होता, मग कुठे ते विचारा. ‘कुठल्या लढाईत होता?’ असं न विचारता ‘या रिबनीचं काय?’ असं विचारा. बऱ्याच पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाने वाचता येतं. तो नंबर लगेच वहीत उतरवा, पुढे सगळी चौकशी त्याच्यावरच होते.

बायकांच्या बाबतीत कागदही नसतो आणि पदकही नाही. तिथे हात विचारा. "बिडी वळायला कुणी शिकवलं? दिवसाला किती व्हायच्या? छाट, म्हणजे नापास बिड्या, किती निघायची? पैसे कुणाच्या हातात पडायचे?" या शेवटच्या प्रश्नावर घरातला पुरुष मध्ये बोलतो. बोलू द्या, आणि पुढच्या वेळी तो शेतावर गेलेला असताना जा. रस्ताही विचारा: वखारीला कुठल्या वाटेने जायचा, सोबत कोण, परतताना अंधार पडायचा का. वाटेच्या प्रश्नातून बायकांचं अर्धं आयुष्य बाहेर येतं, कारण घराबाहेरचं म्हणून त्यांचं तेवढंच असतं.

आंदोलनांबद्दल विचारताना पुढाऱ्याकडून खाली येऊ नका, चुलीकडून वर जा. १९८६ साली महाराष्ट्रातले नेते वेष पालटून बेळगावात शिरले. छगन भुजबळांचं वेषांतर तर अजून लोक रंगवून सांगतात. शिरले ते कुणाच्या तरी घरात राहिले, कुणीतरी त्यांना भाकरी थापून घातली. "त्या आठवड्यात तुमच्या घरी किती माणसं जेवायला होती?" हा प्रश्न माझ्या मते सीमालढ्याच्या सगळ्या प्रश्नांत मोलाचा आहे.

काही उपयोगी प्रश्न इथे देतो. क्रमाने विचारायचे नाहीत, खिशात ठेवायचे:

पहिला पगार किती आणि त्याचं काय केलं? घर सोडून पहिल्यांदा सर्वांत लांब कुठे गेलात? तुम्हाला येणारं कुठलं काम आता इथे कुणालाच येत नाही? कोर्टाची किंवा पोलिसांची पायरी कधी चढायला लागली? शाळा सुटली ती का सुटली? मोडी येते का? (ज्यांनी १९५० च्या आसपास मराठी शाळा केली त्यांना येऊ शकते, आणि घरच्यांना याचा पत्ताच नसतो. बाप मोडी वाचतो आणि मुलगा जुने खतपत्र वाचून घ्यायला पैसे देऊन माणूस शोधतो, असंही घडतं.)

घासून गुळगुळीत झालेली एक गोष्ट प्रत्येकाकडे असते. ती पाठ असते, त्यात विनोदाच्या जागा ठरलेल्या असतात. पहिल्यांदा ती पूर्ण ऐका, हसा. दुसऱ्या भेटीत त्याच गोष्टीतल्या बाजूच्या माणसाबद्दल विचारा: "तो सोबतचा पोरगा कुठला होता? त्याचं पुढे काय झालं?" पाठ केलेली गोष्ट तिथे तुटते आणि खरी आठवण सुरू होते.

भाषेचं बंधन घालू नका. चिकोडी, रायबाग, अथणीकडचा माणूस एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात कन्नड आणि पलटणीचा किस्सा हिंदीत सांगणार. ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत टिपा, शुद्ध करू नका. कन्नड शब्द कळला नाही तर तिथेच विचारा, सीमाप्रश्न मध्ये आणू नका.

पाचवी पायरी: ट्रंक उघडणे

तिसऱ्या-चौथ्या भेटीत ट्रंक स्वतःहून उघडली जाते. आपण मागायची नाही. त्यात काय बघायचं?

फौजीचं डिस्चार्ज बुक: भरतीची तारीख, सुटीची तारीख, कोर्सेस, पदकं, जखमा. शाळेचा दाखला: शाळेचं नाव आणि शिक्क्यावरचं राज्य बघा, मुंबई, सांगली की म्हैसूर. जमिनीचे कागद: मुंबई इलाख्याच्या काळातला उतारा मराठीत आणि नंतरची पहाणी कन्नडमध्ये असते. कुळाचं प्रकरण असेल तर १९७४ नंतर भरलेला सात नंबरचा फॉर्म शोधा, कारण कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यात कुळांनी त्याच फॉर्मवर हक्क मागितला होता. त्या एका कागदात कोण कुणाची जमीन कसत होतं हे लिहिलेलं असतं, आणि गावातलं निम्मं वैर त्यातूनच कळतं. बिडी कामगाराचं ओळखपत्र किंवा लॉगबुक: १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानंतर अशा नोंदी आल्या, त्यावर कारखानदाराचं नाव असतं. रेशनकार्डं, मनीऑर्डरीच्या पावत्या, लग्नपत्रिका, तुरुंगाचा दाखला.

कागद घरी न्यायचा नाही. ‘झेरॉक्स काढून लगेच आणतो’ असंही नाही. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न पडेल अशा जागी, फ्लॅश बंद करून वरून सरळ फोटो काढा. मागच्या बाजूचाही काढा. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीखही. काचेला चिकटलेला जुना फोटो फ्रेममधून ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. फ्रेमसकटच थोडं तिरकं धरून फोटो घ्या. कागदाला लॅमिनेशन करायचा सल्ला चुकूनही देऊ नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टीही नको, ती पुढे पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. फोटोतल्या माणसांची नावं लिहायची तर मागे मऊ पेन्सिलने.

सहावी पायरी: रेकॉर्डिंग

हे थोडक्यात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर लावायचा असेल तर शिट्टी होईपर्यंत थांबा. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते तुम्हीच बोला. पाऊण तासाच्या वर जाऊ नका. रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत असलं पाहिजे, लपवून केलेलं मी तरी वापरत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या, तारीख आधी, गाव नंतर. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक त्यांच्याच घरातल्या कुणाकडे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात.

सातवी पायरी: ताडून बघणे

आठवण खोटी नसते, पण एकावर एक चढते. सीमाभागात हमखास चढणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे १९५६ आणि १९८६. बेळगावात आणि निपाणीत १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात तो १९५६ चा, हा भाग म्हैसूरला देण्याविरुद्धच्या आंदोलनातला. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक १९८६ चं, कन्नड सक्तीविरोधातलं. सांगणारा एकाच दमात दोन्हीकडचं सांगतो. त्याला मध्येच दुरुस्त करू नका. जसं सांगितलं तसं ठेवा आणि बाजूला तुमची टीप द्या.

ताडायला जागा आहेत. बेळगावचा ‘तरुण भारत’ १९१९ पासूनचा आहे. जुन्या अंकांत मोर्च्यांच्या, अटकेच्या, कुस्त्यांच्या आणि नाटकांच्या बातम्या सापडतात, फक्त महिना-वर्ष माहीत पाहिजे. त्यासाठीच ते पंचांग. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय जुनं आहे, तिथेही विचारा. रायबागसारख्या कोल्हापूर संस्थानातल्या गावांचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बघायचे. फौजीच्या बाबतीत मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, पण तिथे अर्ज स्वतः माजी सैनिकाचा किंवा वारसाचा लागतो, तुमचा चालणार नाही. अर्जात आर्मी नंबर लिहिलाच पाहिजे.

कुणी तुरुंगवास सांगितला तर स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी कधी अर्ज केला होता का ते विचारा. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत गोवामुक्ती लढ्यातले लोकही पुढे आले, आणि अर्जाला तुरुंगाचा दाखला किंवा सोबतच्या कैद्याचं प्रमाणपत्र जोडावं लागे. पेन्शन नाकारली गेली असली तरी अर्जाची प्रत घरात असू शकते. त्या प्रतीवर सोबतच्या माणसांची नावं असतात, तेच खरं घबाड. पेन्शन मिळाली नाही म्हणजे तो तुरुंगात गेलाच नव्हता असा निष्कर्ष काढू नका. कागद जमवायला तेव्हा वेळ, पैसा आणि ओळख तिन्ही लागत.

सगळं ताडूनही काही जुळणार नाही. तसं लिहा: ‘यांच्या सांगण्याप्रमाणे.’

आठवी पायरी: काय छापायचं नाही

आपल्या भागात हे प्रकरण नाजूक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायका, म्हणजे देवदासी, आता म्हाताऱ्या आहेत. १९८२ च्या कर्नाटकच्या कायद्याने ती प्रथा बंद केली, पण ज्या आधी सोडल्या गेल्या त्यांची मुलंबाळं आज गावात नोकरी-धंदा करून राहतात. त्या बाईने स्वतः सांगितलं तरच ऐकायचं, आणि लिहायचं तर नाव-गाव पूर्ण बदलून, तिला वाचून दाखवून. नाहीतर सोडून द्यायचं. तिच्या मनात नसेल तर ‘इतिहासासाठी’ वगैरे तिला सांगायचं नाही.

१९४८ साली गांधीहत्येनंतर कोल्हापूर-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. घर जळालेला आणि जाळणाऱ्यांबरोबर गेलेला, दोघंही एकाच गावात म्हातारे झालेले असू शकतात. कुळकायद्यातली भांडणं, सीमाआंदोलनातले खटले, चोरटा माल, यात जिवंत माणसांची नावं आली की ती आधी झाका. रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, छापील मजकुरात नको.

आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर, बँक पासबुक यांचे फोटो काढूच नका. काढले गेले तर त्यांच्यासमोर पुसा. म्हाताऱ्यांना फोनवरून फसवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे, तुमच्या ग्रुपवरचा एक फोटो त्यांना पुरतो.

आणि भूतकाळ थोरच निघेल असं धरून चालू नका. कुणी व्याजाने पैसे देऊन जमिनी लाटलेल्या असतील, कुणी आणीबाणीत चहाडी केलेली असेल, कुणी बायकोला मारलेलं असेल आणि ते सहज सांगेलही. तुमचा चेहरा बदलला की सांगणं थांबतं. ऐका. छापायचं की नाही ते नंतर ठरवा, पण गौरवग्रंथाच्या साच्यात बसवायला ते पुसून टाकू नका.

नववी पायरी: परत देणे

लिहून झालं की मोठ्या अक्षरात, अठरा-वीस पॉइंटमध्ये छापा आणि त्यांना वाचून दाखवा. नजर अधू असली तरी कान ऐकतात. इथे हमखास दोन गोष्टी होतात. चार नावं दुरुस्त होतात, आणि ‘हे लिहू नका’ असं एक वाक्य निघतं. ते वाक्य तिथल्या तिथे खोडा, त्यांना खोडलेलं दिसलं पाहिजे. छापायला परवानगी लेखी घ्या. दोन ओळी पुरतात, सहीऐवजी अंगठा चालेल, साक्षीदार म्हणून घरातलं कुणी.

प्रत पहिली घरात द्या. दुसरी शाळेत, ज्या शाळेत ते शिकले किंवा शिकवत होते तिथे. शतकमहोत्सवी स्मरणिका निघताना शाळा जुन्या माणसांचा मजकूर शोधत असते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा इथे भरणाऱ्या गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांच्या आयोजकांना विचारा, कवितांच्या जोडीला अशा एका मजकुराला जागा निघते. वाचनालयात द्यायची प्रत बांधलेली असावी. सुटे कागद तिथे दोन वर्षं टिकत नाहीत.

उठता उठता एक प्रश्न विसरू नका: "तुमच्या वेळचं आणखी कोण आहे?" नाव मिळालं की लगेच गाव विचारा, आणि त्या माणसाला फोन लावायचा असेल तर तो त्यांनाच लावायला सांगा. तीस-चाळीस वर्षांनी ते दोघं आधी एकमेकांशी बोलतील, तुमची पाळी नंतर येईल. तेवढा वेळ हातात ठेवूनच जा.